यंदाचा डावा कोपरा

दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर रावण जळला, प्रदर्शनातले पाळणे उतरले आणि सोयाबीन एकदाचे मळणीयंत्रातून निघून मोंढ्यात पोचले, की आमच्या जिल्ह्यातल्या कॉलेज असलेल्या गावांना एक नवीच काळजी लागते. ‘संघ कसा आहे यंदाचा?’ या प्रश्नाला ‘कसला संघ?’ असे जो विचारील तो मनुष्य परगावचा समजावा. संघ म्हणजे कबड्डीचा संघ. आमच्या महाविद्यालयात क्रिकेट चालते, व्हॉलीबॉल चालतो. बास्केटबॉलचा एक खांबसुद्धा आहे, पण त्याच्या कड्याला जाळी कधी काळी होती हे आताच्या विद्यार्थ्यांना सांगूनही पटत नाही. मुंबईत नागपाड्याच्या पोरांनी त्या खेळाचे वेड घेतले आणि तिथून अब्बास मुन्तसिरसारखा भारताचा कर्णधार, १९७० सालचा अर्जुन पुरस्काराचा मानकरी, निघाला. आमच्याकडच्या काळ्या मातीला मात्र हुतुतूच मानवला.

आमचा जिल्हा तसा वयाने लहान. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला. पाच तालुक्यांचा संसार. विद्यापीठ नांदेडचे, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे, १९९४ साली स्थापन झालेले. त्याच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत चमकलेला मुलगा विद्यापीठाच्या संघात जातो, तिथून पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ सामन्यांना किंवा ‘अश्वमेध’ला. एवढी ती शिडी. पण शिडीच्या पहिल्या पायरीवर कोण चढणार याचा खल कॉलेजच्या समोरच्या चहाच्या हॉटेलात पंधरा-वीस दिवस आधीपासून सुरू होतो, आणि क्रीडाशिक्षकांनी यादी लावण्यापूर्वी तिथली यादी तयार असते.

या मंडळात नित्याचे सभासद पाच-सहा. एस.टी.तून निवृत्त झालेले एक चालक. त्यांना सगळे गाव ‘चाचा’ म्हणते. हळदीचे पीक घेणारे एक तात्या, ज्यांची दोन्ही मुले पुण्याला नोकरीस आहेत आणि दोघांपैकी एकानेही कधी चढाई केली नाही याची खंत ते बोलून दाखवतात. सलूनवाले एक मामा. यांच्याकडे प्रत्येक खेळाडूच्या मानेची, खांद्याची आणि प्रकृतीची बातमी परस्पर पोचते. एक औषधविक्रेता, जो आपल्या वेळी उजवा कोपरा सांभाळत असे आणि अजूनही खुर्चीत बसताना गुडघा जरा वाकडा ठेवून बसतो. आणि तास संपल्यावर चहाला जाणारा प्रस्तुत लेखक. माझा अधिकार शून्य. मी मराठीचा मास्तर. पण खरे सांगायचे तर बी.ए.च्या वर्गात साहित्यसमीक्षा शिकवताना मला जे साधत नाही, ते ही मंडळी कपबशी हातात धरून साधतात. एक शब्द वायफळ जात नाही, आणि ज्या कलाकृतीची समीक्षा चालली आहे ती सायकलवरून समोरूनच चाललेली असते.

चढाईच्या गड्याची पारख कशी करावी, यावर चाचांचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. नवखा प्रेक्षक गड्याच्या हाताकडे बघतो, कारण गुण हाताने मिळतात असे त्याला वाटते. चाचा पायाकडे बघतात. मध्यरेषा ओलांडल्यावर पहिली तीन पावले कशी पडतात, निदानरेषेपाशी तो घुटमळतो की सरळ जातो, आणि परत फिरताना कोणत्या खांद्यावरून वळतो. “ज्याला वळताना मागं बघावं लागतं, त्याला गाडीच्या आरशात बघता येत नाही म्हणा की सर!” हे त्यांचे ठरलेले वाक्य. मग दम. हल्लीच्या नियमात चढाईला तीस सेकंद मिळतात. त्यात ‘कबड्डी, कबड्डी’चा उच्चार स्पष्ट आणि अखंड हवा. पंचाला ऐकू येणार नाही अशा बेताने पुटपुटणारे गडी मंडळाला आवडत नाहीत. तात्या म्हणतात, “आवाज दबला की समजावं, पोरगं आतून भ्यालं.” मला हे थोडे कठोर वाटते, काही मुले स्वभावतःच हळू बोलणारी असतात. पण तात्यांपुढे हा मुद्दा टिकत नाही.

बोनसच्या गुणांवर जगणाऱ्या गड्याला इथे फारसा मान नाही. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस रेषेचा तो गुण मिळतो. पाय रेषेपलीकडे टेकवायचा, मागचा उचलायचा आणि घरी यायचे. हुशारीचे काम आहे, यात शंका नाही. मामा याला ‘उधारीवरची दाढी’ म्हणतात. औषधविक्रेत्याचे मत वेगळे. सामना एका गुणाने जिंकतो तेव्हा तो गुण कशाचा होता हे कोणी विचारत नाही, असे तो म्हणतो आणि बऱ्याचदा त्याचेच खरे ठरते.

दूरचित्रवाणीवरची कबड्डी आल्यापासून या चर्चेत आकडे शिरले आहेत. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई २०१८ च्या हंगामात ३६ लाख ४० हजारांना गेला आणि पुढच्याच वर्षी त्याची बोली १ कोटी ४५ लाखांवर पोचली, हे आमच्या हॉटेलातल्या कप विसळणाऱ्या पोरालाही पाठ आहे. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार झाला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणाला २८-२५ असे हरवून त्याने करंडक उचलला, त्या रात्री मंडळाने चहाऐवजी कंदी पेढे वाटले. लिलावात माणसाची किंमत काढतात, हे तात्यांना अजूनही पसंत नाही. “बैलाच्या बाजारात निदान दात तरी बघतात,” असे ते म्हणतात. पण गंमत अशी की मंडळ करते तेही मोलभावच. फक्त त्यात पैसा नसतो. आणि जिथे पैसा नसतो तिथे शब्द फार महाग पडतो. शहरातल्या खेळाडूविषयी चाहते काय बोलतात हे त्याला कळेलच असे नाही. आमच्याकडे सकाळी सलूनमध्ये बोललेले संध्याकाळपर्यंत मुलाच्या आईच्या कानावर गेलेले असते.

यंदाच्या संघाबद्दल मंडळाचे सर्वसाधारण मत असे की चढाईची बाजू बरी, मधले दोघे कच्चे, उजवा कोपरा ठीक. मातीवरचा संघ म्हणून पाहिले तर चांगलाच. पण सामने आता मॅटवर होतात, आणि इथे मंडळाच्या शास्त्राला खिंडार पडते. मॅट म्हणजे रबरी तुकडे एकमेकांत अडकवून केलेले १३ मीटर लांब व १० मीटर रुंद अंगण. आमच्या मैदानाला मुरूम आणि लाल माती आणून टाकलेली असली तरी खालची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात गिळते. तिच्यावर अनवाणी वाढलेली मुले पायाच्या अंगठ्याने जमीन धरतात. घसरत जाऊन घोटा पकडतात. मॅटवर बूट घालावे लागतात, पाय घसरत नाही, आणि सवयीने झोकून दिलेले अंग मधेच थांबते. कोपर आणि गुडघे सोलवटतात ते निराळेच. मातीवर हाताला धूळ लागलेली असते म्हणून पकड बसते. मॅटवर घामाने मनगट निसटते. मातीवरचा वाघ मॅटवर अडखळताना मंडळाने गेल्या काही वर्षांत वारंवार पाहिला आहे. तरीही ते निकाल मातीवरच्या सरावावरून देतात, कारण दुसरे मैदान समोर नाही.

मुलींच्या संघाची समीक्षा हॉटेलात होत नाही. ती वसतिगृहाच्या ओट्यावर स्वयंपाकाच्या मावशी करतात आणि ती अधिक निर्भीड असते. मुलींचे मैदान १२ मीटर बाय ८ मीटरचे, डाव पंधरा-पंधरा मिनिटांचे. २०१२ साली पाटण्याला महिलांचा विश्वचषक भारताने जिंकला, त्यात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के अशा तिघी महाराष्ट्राच्या होत्या. मावशींना त्यांची नावे कोणी सांगितली कोण जाणे, पण ताटात भाजी वाढताना त्या नेमकी हीच उदाहरणे देतात. कोणाची भूक वाढली आणि कोणाची कमी झाली यावरून त्यांनी बांधलेले अंदाज क्रीडाशिक्षकही गंभीरपणे ऐकतात.

आता मुख्य गोष्ट. यंदा सगळा वाद पेटला तो डाव्या कोपऱ्यावरून.

कबड्डीत कोपऱ्याचा गडी म्हणजे घराच्या भिंतीचा कोनाडाच. तो पुढे झेपावून घोटा किंवा पट धरतो, मग मधल्यांनी येऊन झाकायचे. त्याने अर्धा क्षण आधी हात घातला तर गडी निसटतो, अर्धा क्षण उशिरा घातला तर तोच बाद होतो. आमचा डावा कोपरा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. गावापासून सात-आठ मैलांवरचे खेडे, वडिलांची कोरडवाहू दोन एकर, घरात मोठा हाच. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसतो आणि विचारले तर नेमके उत्तर देतो. गेल्या वर्षी उपान्त्य सामन्यात त्याने एका दांडग्या चढाईवाल्याला एकट्याने रोखले, संघात तिघेच उरले असताना. अव्वल पकडीचा जादा गुण मिळाला आणि सामना फिरला. त्याच पकडीत त्याचा उजवा खांदा निखळला. बसवला, महिनाभर गळ्यात पट्टा होता, बरा झाला. बरा म्हणजे किती बरा, यावरच यंदाची चर्चा.

कारण त्याला पोलीस व्हायचे आहे. आमच्याकडे पदवीच्या वर्गातली निम्मी मुले पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात ती याचसाठी. भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण: १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. गोळा ७ किलो २६० ग्रॅमचा, आणि तो उजव्या खांद्यानेच फेकायचा. पंधरा गुण एका खांद्यावर! दुसरीकडे, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात; परंतु त्या वाटेने जायचे तर कॉलेजच्या संघात नाव असून भागत नाही. वरच्या पातळीवरचे पदक हवे, त्याच्या प्रमाणपत्राची पडताळणी हवी. म्हणजे खेळावे तर खांद्याचा जुगार, न खेळावे तर ती वाट बंद.

औषधविक्रेता म्हणाला, “खेळायलाच पाहिजे. असं कोपरं दहा वर्षांत एकदा येतं. विद्यापीठाच्या संघात गेला तर त्याचं भलंच होईल.”

“आणि खांदा गेला तर?” मामांनी विचारले. “मालिश करताना माझ्या हाताला लागतंय ना, कुठं अडकतं ते.”

“पट्टी बांधून खेळेल.”

तात्या बराच वेळ गप्प होते. ते करंडकाचे सगळ्यांत मोठे लोभी. मागच्या पराभवानंतर दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. ते म्हणाले, “आपण त्याला खेळ म्हणलो तर ते लेकरू खेळंल. गावाची लाज ठेवायची म्हणून खेळंल. कामून म्हणायचं मग?”

चाचांनी कप बशीत उपडा ठेवला. “मैं तीस साल गाडी चलाया, तात्या. ब्रेक ढिला असला की गाडी काढायची नाही, मग शेड्युल गेलं तरी चालंल. सवारीला काय, तिला तर जायचंच असतं.”

मला वाटते, मंडळाच्या इतिहासात उत्तम खेळाडूला संघात घेऊ नये असा ठराव प्रथमच झाला असावा. औषधविक्रेता त्यावर रुसून दोन संध्याकाळी आला नाही. त्याचेही अगदीच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. पदकाच्या वाटेने नोकरीला लागलेली मुले त्याने स्वतः पाहिली आहेत, आणि भरतीच्या रांगेत हजारोंमध्ये उभे राहणे म्हणजे काही हमखास भाकरी नव्हे. दोन्ही बाजूंना जोखीम होती. फक्त एक जोखीम मुलाने घ्यायची होती आणि टाळ्या दुसऱ्यांनी वाजवायच्या होत्या. हा ठराव मुलाला कोणी मुद्दाम सांगितला नाही. सांगण्याची गरज नसते हे वर आलेच आहे.

चार दिवसांनी मुलगा क्रीडाशिक्षकांना जाऊन भेटला. काय बोलणे झाले ते दोघांनाच ठाऊक. यादी लागली तेव्हा बारा नावांत त्याचे नाव नव्हते, आणि फलकापुढे गर्दी करून उभ्या असलेल्या मुलांनी त्याबद्दल काही विचारले नाही. त्या दिवशी संध्याकाळी तो मैदानाच्या कडेने धावत होता. हातातले घड्याळ दर फेरीला बघत होता. आत सराव चालू होता. डाव्या कोपऱ्यावर पहिल्या वर्षाचा एक सडपातळ मुलगा उभा होता, पहिल्याच पकडीत बाद झाला आणि मान खाली घालून बाहेर आला. धावणारा फेरी सोडून थांबला, त्याच्याजवळ गेला, वाकून आपला डावा पाय पुढे टाकून दाखवला आणि पुन्हा धावू लागला.

समोर हॉटेलात औषधविक्रेता परत आला होता. चाचा डोळे बारीक करून मैदानाकडे बघत होते.

“उंची हाय पोराला,” ते म्हणाले, “पण पाय मागं राहतोय.”

“मातीवर राहतोय,” औषधविक्रेता म्हणाला. “मॅटवर बघू.”

तात्यांनी आणखी एक चहा सांगितला.