नवा शब्द नजरेला ओळखीचा होतो तेव्हा

अनोळखी शब्द समोर आला की नजर अडखळते. अक्षरामागून अक्षर लावत, मनातल्या मनात उच्चार करत तो पुरा करावा लागतो. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीबरोबर ‘विलगीकरण’ हा शब्द बातम्यांच्या मथळ्यांत आला, तेव्हा पुष्कळ मराठी वाचकांनी तो असाच लावून वाचला असणार. काही आठवड्यांत मात्र पानावरून नजर फिरताच तो कळू लागला. एवढ्या काळात शब्द होता तसाच राहिला, डोळेही तेच राहिले. बदल झाला तो मेंदूच्या मागच्या, खालच्या भागातल्या एका छोट्या पट्टीत.

या पट्टीचा पहिला सुगावा एका आजारामुळे लागला. १८८७ मध्ये फ्रान्समधल्या एका सुशिक्षित गृहस्थांना एकाएकी वाचता येईनासे झाले. त्यांचे बोलणे शाबूत होते, ते लिहूही शकत. पण स्वतःच्या हाताने लिहिलेले त्यांना वाचता येत नसे. अक्षराच्या रेषांवरून बोट फिरवले की अक्षर ओळखू यायचे, आणि अंक तर सहज वाचता यायचे. मज्जाविकारतज्ज्ञ जूल देजरीन यांनी त्यांची तपासणी केली. या गृहस्थांच्या मृत्यूनंतर, १८९२ मध्ये, मेंदूच्या डाव्या बाजूचा मागचा भाग दुखावल्याचे शवविच्छेदनात दिसले. पुढे २००० साली लॉरां कोएन, स्तानिस्लास दहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांवरून ही जागा नेमकी दाखवली आणि तिला ‘दृश्य शब्दरूप क्षेत्र’ असे नाव दिले. लिपी रोमन असो, हिब्रू असो की चिनी, साक्षर माणसात हे क्षेत्र जवळपास त्याच ठिकाणी सापडते.

लिपीचा शोध जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीचा. एवढ्या थोड्या काळात वाचनासाठी म्हणून मेंदूचा स्वतंत्र भाग घडणे शक्य नाही. त्यामुळे वस्तू आणि चेहरे ओळखण्याच्या यंत्रणेतला एक तुकडा शाळेच्या वयात अक्षरांच्या कामाला लागतो. पॅरिसमध्ये शाळेत नुकत्याच गेलेल्या दहा मुलांच्या मेंदूची वर्षभर पुन्हा पुन्हा चित्रे घेण्यात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, वाचायला शिकू लागल्यावर काही महिन्यांतच ही जागा लिखित शब्दांना प्रतिसाद देऊ लागल्याचे दिसले.

मात्र नवा शब्द या क्षेत्रात पोचतो तो सहसा उच्चाराच्या वाटेने. इस्रायलचे डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये मांडलेली कल्पना या बाबतीत फार मोलाची आहे. अनोळखी शब्द स्वतः उच्चारून वाचताना मूल अक्षरांचा क्रम आणि ध्वनी यांची गाठ घालते आणि आपणच आपल्याला तो शब्द शिकवते, असे ते म्हणतात. १९९९ मधल्या त्यांच्या प्रयोगात दुसरीतल्या मुलांनी छोट्या गोष्टी वाचल्या. त्यांत काही बनावट शब्द चार किंवा सहा वेळा आले होते. तीन दिवसांनंतर, उच्चार तोच पण स्पेलिंग वेगळे अशा पर्यायांतून मुलांनी बरोबर रूप ओळखले. वाचताना तोंडाने दुसरेच काही बडबडायला लावले, म्हणजे उच्चाराची वाट अडवली, तेव्हा ही आठवण बरीच कच्ची राहिली. अक्षर लावून वाचणाऱ्या मुलाला घाई करू नये किंवा चित्र पाहून अंदाज बांधायला सांगू नये, याला इथे भक्कम आधार मिळतो. त्याचे ते अडखळणे हेच शिकणे असते.

उच्चाराच्या मदतीने आत आलेला शब्द पुढे नजरेचा होतो. अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठात लॉरी ग्लेझर, मॅक्सिमिलियन रीझनह्यूबर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याची परीक्षा घेतली. त्यांनी प्रौढांना दीडशे अर्थहीन शब्द शिकवले आणि शिकण्याआधी व नंतर मेंदूची चित्रे घेतली. आधी एका अक्षराने वेगळ्या असलेल्या दोन बनावट शब्दांना शब्दरूप क्षेत्र जवळपास सारखाच प्रतिसाद देई. शिकल्यानंतर त्याच शब्दांना खऱ्या शब्दांसारखा वेगवेगळा प्रतिसाद मिळू लागला. या संशोधकांच्या मते एकदा पक्का झालेला शब्द इथे अखंड आकृती म्हणून साठतो. म्हणूनच ‘दिन’ आणि ‘दीन’ मराठीत जवळपास सारखे उच्चारले गेले, तरी सरावलेल्या वाचकाच्या नजरेला ते दोन शब्द वाटतात.

नवा शब्द जुन्या शब्दांच्या पंगतीत बसायला थोडा वेळ लागतो. ब्रिटनमधल्या जेफ्री बावर्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लोकांना ‘बनाना’ या इंग्रजी शब्दाशी मिळताजुळता ‘बनारा’ हा बनावट शब्द शिकवला. त्यानंतर खुद्द ‘बनाना’ ओळखायला अधिक वेळ लागू लागला, कारण आता त्याला शेजारी मिळाला होता. हा परिणाम दुसऱ्या दिवशी अधिक ठळक झाला. नवी माहिती आधी हिप्पोकॅम्पस हा भाग झटपट टिपतो, नंतर ती हळूहळू मेंदूच्या बाह्यावरणात मुरते आणि या कामात झोपेचा वाटा मोठा असतो, असे आज मानले जाते.

देवनागरीत या प्रवासाला आणखी काही वळणे आहेत. ‘विलगीकरण’ याच शब्दातली पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण उच्चारात इकार व्यंजनानंतर येतो. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांच्या २००२ च्या अभ्यासात हिंदी वाचकांना अशा शब्दांवर जास्त वेळ लागल्याचे आढळले. जोडाक्षरे, रफार आणि बाराखडी मिळून शेकडो आकार होतात, आणि ते हाताखाली यायला मुलांना तिसरी-चौथी उजाडते. उलट, ओळखीचे तुकडे मदतीलाही येतात. ‘खासगीकरण’, ‘नागरीकरण’ हे शब्द माहीत असलेल्याला ‘विलगीकरण’मध्ये ‘विलग’ एवढाच तुकडा लावावा लागतो.

मोठ्या वयातही ही दारे उघडीच असतात. उत्तर प्रदेशातील खेड्यांमध्ये निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचन शिकवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेण्यात आली. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बाह्यावरणाखालच्या थॅलॅमस आणि मेंदूस्तंभ या भागांचा दृष्टीच्या केंद्रांशी असलेला ताळमेळही वाढला होता. अक्षरांनी जागा घेतल्यामुळे चेहऱ्यांना मिळणारा मेंदूचा प्रतिसाद घटतो का, ही शंका अनेक वर्षे होती. त्याच भागातील साक्षर आणि निरक्षर लोकांची तुलना करणाऱ्या २०१९ च्या अभ्यासात तशी घट दिसली नाही.