ब्रॅम्ले सफरचंदाची कुळकथा

फळ हातीं आलें म्हणजे त्याचा स्वाद घ्यावा, एवढेंच आपण जाणतों. त्याचें कुळ कोणी पुसत नाहीं. तथापि कांहीं फळांचा इतिहास मोठा बोधप्रद असतो. इंग्लंडांतील ‘ब्रॅम्लेज सीडलिंग’ नामक सफरचंदाची हकीकत अशीच असल्यानें ती आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

नॉटिंगहॅमशायर परगण्यांत साउथवेल नांवाचें गांव आहे. तेथें इ. स. १८०९ मध्यें मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीनें सफरचंदाच्या बिया लाविल्या. त्यांतील एका रोपाचा पुढें घराच्या बागेंत वृक्ष झाला. १८४६ सालीं तें घर मॅथ्यू ब्रॅम्ले या खाटकानें विकत घेतलें. १८५६ सालीं हेन्री मेरीवेदर या अवघ्या सतरा वर्षांच्या तरुणानें कलमांकरितां त्या झाडाच्या डहाळ्या मागितल्या. ब्रॅम्लेनें रुकार दिला. अट एवढीच कीं, फळास आपलें नांव द्यावें!

डहाळ्याच कां? सफरचंदाच्या बीमध्यें दोन झाडांचे गुण मिसळलेले असतात. यास्तव बी लाविल्यानें मूळचेंच फळ मिळत नाहीं. त्यासाठीं दुसऱ्या रोपावर डहाळी बांधून कलम करावें लागतें. कोंकणांत हापूस आंब्याचीं कलमें बांधितात, तीं याच कारणास्तव. अर्थात् आज जेथें जेथें ब्रॅम्लेचें झाड आहे, तेथें तेथें तें साउथवेलच्या त्या एकाच वृक्षाचा अंश होय.

हें फळ मोठें, हिरवें व किंचित् चपटें असतें. तें फार आंबट असल्यानें कच्चें क्वचितच खातात; परंतु शिजवितांच त्याचा गर फेसासारखा हलका होतो व आंबटपणाही टिकतो. म्हणून तें स्वयंपाकाचें सफरचंद मानिलें जातें. सामान्य सफरचंदाच्या पेशींत ३४ गुणसूत्रें असतात. ब्रॅम्लेंत तीं ५१ आहेत. त्यामुळें त्याचे पराग दुर्बल असतात. याकरितां बागाईतदार त्याच्या शेजारीं अन्य जातींचीं दोन झाडें लावितात. तीं एकमेकांस पराग देतात आणि ब्रॅम्लेसही देतात.

१९०० सालीं मूळ वृक्ष वादळानें उन्मळून पडला. पण पडलेल्या खोडांतूनच तो पुनः वाढला. पुढें त्यास बुरशीचा असाध्य रोग जडला. तेव्हां विसाव्या शतकाच्या अखेरीस नॉटिंगहॅम विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं त्याच्या पेशींपासून नवीं रोपें तयार केलीं.

बी जिनें लाविली ती मेरी ॲन १८५२ त, म्हणजे डहाळ्या मागितल्या जाण्यापूर्वींच, निवर्तली. आपल्या हातून काय घडलें, हें तिला कधींच कळलें नाहीं. फळास नांव लाभलें तें ज्यानें बी लाविली नाहीं व कलमही केलें नाहीं, त्याचें. परंतु तेवढ्यानें फळाचा गुण उणा झाला काय? विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या पालकांनीं व गुरुजनांनीं लाविलेल्या कित्येक रोपांवर त्यांचें नांव कधींच दिसणार नाहीं. फळ चाखतांना त्यांचें स्मरण ठेवा, आणि आपणही एक तरी बी लावा.