दोन नावांमधला कागद

मुदत संपलेला पासपोर्ट पुन्हा काढायला निघालेल्या माणसाच्या पिशवीत कागद कमी नसतात. बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्तच असतात. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, बँकेचे पासबुक, विजेचे बिल, दहावीची गुणपत्रिका, शिवाय वेळप्रसंगी लागेल म्हणून घेतलेली रेशनकार्डाची झेरॉक्स. तरीही अर्ज अडतो, कारण गुणपत्रिकेवर एक नाव असते, जुन्या पासपोर्टवर दुसरे आणि आधारवर तिसरे. मग माणूस घरी जाऊन आणखी कागद शोधतो, आणि तेही यांपैकीच कुठल्या तरी एका नावाचे निघतात. मूळ घोटाळा इथेच आहे. प्रत्येक कागद एकेका नावाची ग्वाही देतो. ही दोन नावे एकाच माणसाची आहेत, असे त्यांतला एकही कागद म्हणत नाही. कार्यालयाला हवा असतो तो नेमका हे सांगणारा, दोन नावांमधला कागद. तो असेल तर पिशवी हलकी असली तरी चालते. माझे म्हणणे असे, की हा कागद नाव बदलते त्याच दिवशी तयार व्हायला हवा आणि तो तयार करण्याची मुख्य जबाबदारी सरकारची असायला हवी. आज ती तीस वर्षांनी अर्जदाराच्या गळ्यात पडते.

झाशीतल्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत हा गुंता जरा जास्तच होतो. अठराव्या शतकात पेशव्यांच्या सुभेदारीबरोबर ही माणसे बुंदेलखंडात आली. नाव सांगण्याची पद्धत त्यांनी सोबत आणली: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. लग्न झाले की मुलीच्या मधल्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते आणि आडनाव सासरचे लागते. ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले गेले असेल, तर पहिले नावही जाते. म्हणजे एका दुपारीत तिन्ही शब्द बदलतात. आजूबाजूच्या हिंदी रिवाजात मधल्या जागी वडिलांचे नाव घालत नाहीत, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर ते गळते, माहेरच्या नगरपालिकेच्या जन्मनोंदीत मात्र असते. हिंदीच्या नेहमीच्या लेखनात ळ नाही, म्हणून काळे यांचे काले होते आणि रोमन लिपीत जाताना त्याची आणखी दोन रूपे फुटतात. उत्तर प्रदेशात कित्येक मुलींच्या नावापुढे ‘कुमारी’ लागते आणि लग्नानंतर ‘देवी’ किंवा ‘श्रीमती’. हे शब्द आदराचे की नावाचाच भाग, हे संगणकाला कळत नाही. पुण्यात लग्न करून झाशीत आलेली किंवा झाशीत जन्मून इंदूरला गेलेली बाई अशी दोन-तीन राज्यांच्या दप्तरांत वेगवेगळ्या नावांनी विखुरलेली असते.

नाव बदललेला माणूस आणि त्याला ओळखणारे सरकार हा प्रश्न झाशीला नवा नाही. १८४२ मध्ये मणिकर्णिका तांबे झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी लग्न होऊन लक्ष्मीबाई झाल्या; ते नाव कोणी तपासून पाहिले नाही. तपासले गेले ते मुलाचे. २० नोव्हेंबर १८५३ रोजी मरणासन्न राजाने नात्यातल्या आनंदराव नावाच्या पाच वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. दत्तविधान चुपचाप उरकले नव्हते. मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन हे कंपनीचे अधिकारी तिथे हजर होते आणि राजाचे पत्र एलिसच्या हाती दिले होते. म्हणजे आजच्या भाषेत मधला कागद त्याच दिवशी, साक्षीदारांसह तयार झाला होता. दुसऱ्या दिवशी गंगाधरराव गेले. राणीने १८१७ च्या तहाचा आणि ओरछा, दतिया इथल्या दत्तकांचा दाखला देत खलिते पाठवले. तरीही फेब्रुवारी १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने संस्थान खालसा करण्याचा निर्णय दिला; त्यानंतर राणीने जॉन लँग या वकिलाचा सल्लाही घेतला, पण निर्णय बदलला नाही. मात्र राजाच्या खासगी संपत्तीचा वारस म्हणून त्याच सरकारने दामोदररावांना मान्यता दिली. मुलगा तोच, नाव तेच, विधी तोच; एका कामाला पुरेसा आणि दुसऱ्याला अपुरा. साम्राज्याचा लोभ आणि आजच्या कारकुनाची सावधगिरी एका तागडीत तोलण्याचे कारण नाही, पण एक गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही आहे: कागद खरा असणे वेगळे आणि तो कोणत्या कामासाठी खरा मानायचा हे ठरणे वेगळे. बँकेत चालणारे आधार पासपोर्टसाठी नावाच्या बदलाचा पुरावा का होत नाही, याचे उत्तर यातच आहे. आधार आजचे नाव सांगते, काल ते काय होते याबद्दल ते गप्प असते.

झाशीचा अर्जदार लखनौच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतो. शहरातल्या टपाल कार्यालयातल्या केंद्रात फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, कागद पाहतात. पासपोर्ट द्यायचा की नाही हे मात्र लखनौचे कार्यालय ठरवते. म्हणजे निर्णय करणाऱ्यासमोर माणूस नसतो, फाइल असते, आणि फाइलला तोंडी खुलासा करता येत नाही. म्हणून कागद जमवताना क्रम महत्त्वाचा. सर्वांत जुन्या नावापासून सुरुवात करावी आणि नाव जिथे जिथे वळले तिथला एकेक कागद शोधावा. लग्नाने वळले असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा पती-पत्नीच्या एकत्र फोटोचे घोषणापत्र. घटस्फोटाने वळले असेल तर न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत. पुनर्विवाह असेल तर आधीच्या पतीच्या मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा निकाल, आणि त्यापुढे नव्या लग्नाचा. स्वतःच्या मर्जीने नाव पूर्ण बदलले असेल तर प्रतिज्ञापत्र आणि दोन वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींची मूळ कात्रणे, किंवा राजपत्रातली प्रसिद्धी. जुना पासपोर्ट संपला म्हणून टाकून देऊ नये, तो मूळ स्वरूपात दाखवावा लागतो. त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांची, शिवाय शेऱ्याचे पान असल्यास त्याचीही, झेरॉक्स स्वतःच्या सहीने जोडायची असते. मुदत संपून तीन वर्षांहून जास्त काळ लोटला आहे का, हेही अर्जात वेगळे विचारतात. विवाहाच्या दाखल्यावर माहेरचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेत आहे तसेच, अक्षर न अक्षर, आले पाहिजे. एरवी ज्या कागदाने दोन नावे जोडायची, तोच तिसरे नाव निर्माण करतो.

ही जबाबदारी सरकारने घ्यावी, यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नाव बदलून पोलिसांना किंवा सावकारांना चुकवणारे, एकाच वेळी दोन पासपोर्ट बाळगणारे लोक असतातच. सरकारने डोळे मिटून नाव मान्य करावे असे कोणी म्हणणार नाही. पण कडकपणा नेमका कोणावर पडतो ते पाहावे. फसवणूक करणारा आधीपासून तयारी करतो, त्याचे सगळे कागद एकाच नावाचे, नीटनेटके असतात. अडकते ती १९८५ साली मांडवात लग्न झालेली, नोंदणी न केलेली बाई. तेव्हा बहुतेक ठिकाणी नोंदणीची सक्तीच नव्हती. सर्व राज्यांनी विवाहनोंदणी सक्तीची करावी असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. महाराष्ट्राचा कायदा १९९८ चा, तर उत्तर प्रदेशाचे नियम २०१७ चे. सरकारने जो कागद मागितलाच नव्हता, तो आज न दिल्याचा दोष तिच्या माथी कसा येतो? शिवाय ज्याचा पासपोर्ट आधी निघालेला आहे, त्याचा फोटो, सही आणि जुनी फाइल कार्यालयाकडे असते. अलीकडच्या वर्षांतला असेल तर बोटांचे ठसेही. चेहरा आणि ठसा यांनी माणूस तोच आहे हे सिद्ध होत असताना नावाच्या बदलाला दुय्यम पुरावा पुरला पाहिजे. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्याला जी कसोटी, तीच या माणसाला लावणे म्हणजे सरकारने स्वतःच्याच दप्तरावर अविश्वास दाखवणे.

दुसरा आक्षेप असा, की मग नाव बदलूच नका. लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदलण्याची सक्ती नाही, हे पंतप्रधानांनी एप्रिल २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले, आणि डिसेंबर २०१६ च्या सुधारणांनी विवाहाचा दाखला जोडण्याची अटही काढून टाकली होती. आज लग्न करणाऱ्या मुलीला हा सल्ला मीही देईन. पण तो चाळीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्या आईच्या कामाचा नाही, दत्तक मुलाच्या कामाचा नाही, आणि ज्याला आपले नाव मनापासून नको आहे त्याच्याही नाही. नाव हा ओळखीचा आणि अभिव्यक्तीचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये सीबीएसईच्या दाखल्यांच्या प्रकरणात मान्य केले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी २०२३ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत नाव निवडणे हा मूलभूत हक्कच ठरवला. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो निकाल रद्द केला. हक्क आहे, पण अटींसह, इतपतच आज म्हणता येते.

बदललेले नाव सगळ्या दप्तरांत पोहोचवण्याचे काम सरकारला नीट करता येते याचा पुरावा झाशीच्या रेल्वे स्थानकावरच मिळतो. डिसेंबर २०२१ मध्ये झाशी जंक्शनचे नाव वीरांगना लक्ष्मीबाई झाले. केंद्राची ना हरकत आली, राज्याने अधिसूचना काढली, रेल्वेने पाट्या आणि सांकेतिक अक्षरे बदलली. माणसाचे नाव बदलले की प्रत्येक खात्यात त्यानेच जायचे. विवाह नोंदवतानाच वधूची आधीची आणि नंतरची दोन्ही नावे एका दाखल्यावर लिहिली आणि ती नोंद पासपोर्ट, पॅन, मतदार यादी यांना आपोआप कळवली, तर अर्ध्या फाइली उघडाव्याच लागणार नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा एकमेव पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागेल, असे पासपोर्ट नियमांत २०२५ मध्ये ठरले. मुळाच्या नोंदीवर इतका भर द्यायचा, तर त्या नोंदीपासून पुढे नाव कसकसे बदलले याचीही नोंद सरकारनेच ठेवायला हवी.

तोपर्यंत एक मोह टाळावा. आधार आणि पॅन नव्या नावाने करून घ्या, आणि अर्जात ‘यापूर्वी दुसरे नाव होते का’ या रकान्यात ‘नाही’ लिहा, असा सोपा मार्ग सुचवणारे दलाल असतात. हा मार्ग नव्हे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या बाराव्या कलमाखाली खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे, आणि जुन्या फाइलीत जुने नाव तसेच पडलेले असते. त्या रकान्यात जुनी सगळी नावे लिहावीत, ‘कुमारी’सकट. ज्यांच्याकडे लग्नाचा कोणताच कागद नाही, त्यांनी उशिराची का होईना, झाशीच्या विवाह निबंधकाकडे नोंदणी करावी. महाराष्ट्रातून आलेल्यांना महाराष्ट्राच्या राजपत्रात नाव छापायचे की उत्तर प्रदेशाच्या, असा प्रश्न पडतो. आजचा पत्ता ज्या राज्याचा, तिथून सुरुवात करणे सोयीचे. आणि राजपत्राचा तो अंक हाती आला की त्यातले दोन्ही नावांचे स्पेलिंग गुणपत्रिकेशी आणि जुन्या पासपोर्टशी तिथल्या तिथे ताडून पाहावे. चूक असेल तर शुद्धिपत्र निघेपर्यंत पासपोर्टच्या भेटीची तारीख घेऊ नये.