चालीलाही नाव असते

संगीत नाटकांची जुनी पुस्तके चाळली, की पदाच्या डोक्यावर एक बारीक ओळ हमखास दिसते: ‘चाल – अमुक अमुक’. पद कसे गायचे, याचा उलगडा तिथेच होतो. इंग्लंडमधल्या ख्रिस्ती प्रार्थनागीतांच्या पुस्तकांतही हीच सोय आहे. फरक इतकाच, की तिथे चालीला दुसऱ्या गाण्याचा मुखडा उसना घ्यावा लागत नाही. तिला स्वतःचे नाव असते. ओळींतली अक्षरे मोजून एका मापाची अनेक गीते एकाच चालीवर म्हणता येतात, म्हणून शब्दांवाचूनही चाल ओळखू यायला हवी. मग कुणी तिला गावाचे नाव देतो, कुणी संताचे, तर कुणी चक्क आपल्या घराचे.

‘अबाइड विथ मी’ हे गीत भारतीयांना नवे नाही. गांधीजींचे ते आवडते. दिल्लीच्या ‘बीटिंग रिट्रीट’मध्येही ते कित्येक वर्षे वाजत असे, २०२२ मध्ये ते वगळले गेले. शब्द हेन्री लाइट या पाद्र्याचे, १८४७ मधले. आज गातात ती चाल मात्र विल्यम हेन्री मंक यांची, नाव ‘ईव्हनटाइड’ म्हणजे सांजवेळ. ती दहा मिनिटांत सुचली अशी एक कथा आहे. मंक यांच्या पत्नीची आठवण वेगळी – दुःखाच्या दिवसांत दोघे मावळता सूर्य पाहत असताना ती जन्मली. चालीचे नाव पाहता दुसऱ्या कथेवर विश्वास ठेवावासा वाटतो, एवढे खरे.

मंक लंडनमधले ऑर्गनवादक. १८६१ मध्ये ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ हा २७३ गीतांचा संग्रह निघाला, त्याचे संगीत-संपादक तेच. या संग्रहाची तयारी चालली असताना मंक यांच्याकडे डरहॅमहून, कुणी मागितल्या नसताना, सात चाली येऊन पडल्या. पाठवणारे पाद्री जॉन बॅकस डाइक्स. दोघांचेही जन्मवर्ष १८२३.

डाइक्स यांच्या चालींची नावे म्हणजे त्यांची दैनंदिनीच. ‘हॉलिंगसाइड’ हे डरहॅमजवळच्या त्यांच्या घराचे नाव. ‘हॉरबरी’ हे यॉर्कशरमधले गाव. तिथे त्यांनी १८५९ मध्ये पहिल्यांदा पाद्र्यापुढे पापकबुली दिली. ‘निसीया’ हे नाव पिता-पुत्र-पवित्र आत्मा या त्रैक्याचा सिद्धांत मांडणाऱ्या ३२५ सालच्या धर्मपरिषदेवरून आले, कारण ती चाल त्रैक्याच्या स्तुतिगीताची. ‘मेलिता’ म्हणजे माल्टा. संत पौलाचे जहाज तिथेच फुटले होते. दर्यावर्दींसाठीच्या प्रार्थनेला याहून चपखल नाव कोणते? ही चाल पुढे नौदलांची होऊन बसली.

या ‘हॉरबरी’तच पुढच्या संकटाचे बीज होते. प्रोटेस्टंट चर्चमधल्या माणसाने पापकबुली, धूप, रंगीत वस्त्रे अशा कॅथलिक प्रथांकडे झुकणे तेव्हा अनेकांना खपत नसे. डाइक्स १८६२ मध्ये डरहॅमच्या सेंट ऑस्वाल्ड चर्चचे मुख्य पाद्री झाले. काम वाढले, मदतनीस हवा होता. बिशप चार्ल्स बेअरिंग यांनी अट घातली: मदतनीस धूप आणि रंगीत वस्त्रांच्या वाटेला जाणार नाही, असे लिहून द्या. डाइक्स यांनी नकार दिला. प्रकरण १८७४ मध्ये कोर्टात गेले, पण कोर्टाने हात घालायचे नाकारले. सगळा भार एकट्यावर पडला, शरीर आणि मन दोन्ही खचले, आणि जानेवारी १८७६ मध्ये, बावन्नाव्या वर्षी ते गेले. बायकामुलांसाठी लोकांनी दहा हजार पौंडांचा निधी जमवला, तेव्हाच्या मानाने अफाट रक्कम. बिशपांनी अडवलेला माणूस जागोजागच्या चर्चमधून गायला जात होता, हे त्यातून दिसलेच.

पुढच्या पिढीला मात्र हे संगीत गुळमट वाटू लागले. संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स त्यांपैकीच. १९०४ मध्ये पर्सी डिअरमर हे पाद्री नव्या संग्रहाच्या संगीताचे काम घेऊन त्यांच्या दारी आले. दोन महिन्यांचे म्हणून सांगितलेले हे काम दोन वर्षे चालले. गंमत म्हणजे हे संपादक पाद्र्याचे पुत्र असूनही स्वतः श्रद्धावान नव्हते. ते खेडोपाडी फिरून म्हाताऱ्या माणसांकडून लोकगीते उतरवून घेत. सरे परगण्यातल्या फॉरेस्ट ग्रीन गावी गार्मन नावाच्या एका वृद्धाने त्यांना नांगऱ्याचे एक गाणे ऐकवले होते. ती चाल ‘फॉरेस्ट ग्रीन’ या नावाने बेथलेहेमच्या नाताळगीताला जाऊन बसली. शेतातले गाणे असे वेदीपाशी पोहोचले.

१९०६ च्या त्या ‘इंग्लिश हिम्नल’मध्ये त्यांच्या स्वतःच्याही काही चाली होत्या. एकीला त्यांनी आपल्या जन्मगावाचे, ‘डाउन अँपनी’चे नाव दिले, तिथल्याच चर्चमध्ये त्यांचे वडील सेवा करत. पण या चालींखाली संगीतकार म्हणून आपले नाव काही छापू दिले नाही. संतांच्या स्मरणाच्या गीतासाठी बांधलेल्या दुसऱ्या चालीला त्यांनी लॅटिन नाव दिले, ‘सिने नॉमिने’, म्हणजे निनावी.