नकाशात जलमार्ग, पात्रात गुडघाभर पाणी

वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची दोन गावं आहेत. एक वर्धा शहराला लागून असलेली सिंदी (मेघे), दुसरं सेलू तालुक्यातलं, नागपूरच्या रेल्वेमार्गावरचं सिंदी (रेल्वे). जिल्ह्यातल्या माणसाचा यात घोटाळा होत नाही; संगणकाचा होऊ शकतो. २०१७ मध्ये सिंदी (रेल्वे) परिसरात जवाहरलाल नेहरू बंदराच्या ‘ड्राय पोर्ट’ची पायाभरणी झाली. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत कंटेनर भरायचा, कस्टमची तपासणी तिथेच उरकायची आणि माल थेट बंदराकडे धाडायचा, अशी ही कल्पना. पण कागदावर कुणी नुसतं ‘सिंदी, जि. वर्धा’ लिहिलं, तर ट्रकने कोणत्या सिंदीत जायचं?

म्हणूनच जहाज वाहतुकीच्या जगात गावाच्या नावावर कुणी विसंबत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत देशाला दोन आणि ठिकाणाला तीन अक्षरांचा संकेत असतो. न्हावा शेवा बंदराचा संकेत ‘आयएन-एनएसए’. सोबत अक्षांश-रेखांश असले की गोंधळ मिटतो. भौगोलिक डेटाबेसचा हा सोपा भाग. बंदर जागचं हलत नाही. नदी हलते, आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातले १११ जलमार्ग जाहीर केले. त्यात १०९ क्रमांकावर वैनगंगा-प्राणहिता आहे. वर्धा नदीशी त्याचं नातं जवळचं. पवनारला विनोबांच्या आश्रमाशेजारून वाहणारी धाम पुढे वणेला मिळते, वणा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ होतो. तिथून पुढे नदीचं नाव प्राणहिता, आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीत जाते. डेटाबेसमध्ये हे सगळं रेघा आणि सांध्यांच्या रूपात साठवलेलं असतं. प्रत्येक संगम म्हणजे एक सांधा, दोन सांध्यांमधला प्रवाह म्हणजे एक रेघ, आणि प्रत्येक रेघेला दिशा. त्यामुळे पवनारचं पाणी कोणत्या मार्गाने बंगालच्या उपसागरात पोहोचतं, हे संगणक क्षणात सांगतो. मात्र पाणी जातं तिथून नाव जातेच असं नाही.

हा धडा विदर्भाने दीडशे वर्षांपूर्वीच घेतला आहे. हिंगणघाटचा कापूस तेव्हा परदेशी बाजारात नावाजलेला होता, पण तो बंदरापर्यंत न्यायचा कसा हा प्रश्न होता. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे सर आर्थर कॉटन हे जलमार्गांचे कट्टर पुरस्कर्ते. वर्धा खोऱ्यातला कापूस प्राणहिता-गोदावरीतून पूर्व किनाऱ्यावर उतरवायचा, अशी योजना आखली गेली. नकाशावर मार्ग सलग दिसत होता. प्रत्यक्षात दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचं देवलमरी या तीन ठिकाणी खडकांनी वाट अडवली होती. कालवे आणि बंधाऱ्यांची कामं सुरू झाली, पण पैसा आणि वेळ दोन्ही हाताबाहेर गेले. दरम्यान १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. १८७१ मध्ये जलमार्गाचं काम थांबवण्यात आलं.

आजच्या भाषेत सांगायचं, तर त्या योजनेकडे रेघ होती, रेघेचे गुणधर्म नव्हते. जलमार्गाच्या चांगल्या डेटाबेसमध्ये रेघेपेक्षा हे गुणधर्मच महत्त्वाचे. नावेला किती खोली मिळेल? पात्र किती रुंद? पुलाखाली किती उंची मोकळी? वाटेत बंधारा असेल तर नाव पलीकडे नेण्याची सोय आहे का? भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाच्या वर्गवारीत सर्वात लहान वर्गाच्या नदीलाही किमान १.२ मीटर खोली लागते. विदर्भातल्या पावसाळी नद्यांचं एप्रिल-मेमधलं रूप ज्याने पाहिलं आहे, त्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

खोली मोजण्याची रीत तशी साधी. नावेतून ध्वनीचा ठोका खाली सोडायचा, तळाला आपटून परत यायला किती वेळ लागतो ते पाहायचं आणि त्यावरून अंतर काढायचं. उथळ पाण्यात खुणा केलेली काठीही चालते. पण मोजलेली खोली त्या दिवसापुरतीच खरी असते. म्हणून सर्वेक्षक तळाची उंची ठरावीक पातळीच्या हिशेबाने नोंदवतात. केंद्रीय जल आयोगाची वैनगंगेवर आष्टीला आणि प्राणहितेवर टेकऱ्याला पाणीपातळी मोजण्याची केंद्रं आहेत. समजा, केंद्राजवळ पाण्याची पातळी १४० मीटर असेल आणि तिथला तळ १३८.५ मीटरवर असेल, तर खोली दीड मीटर. वजाबाकी इतकी सोपी. फक्त दोन्ही आकडे ताजे हवेत. एका पुरात वाळूचे पट्टे सरकतात, जुना डोह भरतो, नवा पडतो. त्यात वाळूउपशाचे खड्डे. गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या पावलाला बुडेल, अशी स्थिती कोणत्याही जुन्या नकाशात सापडणार नाही.

उपग्रहाने हे काम होईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. अर्धं होतंही. १९८४ पासूनच्या लँडसॅट चित्रांवरून कोणत्या जागी वर्षातले किती महिने पाणी असतं, याचा जगाचा नकाशा तयार झाला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला ‘स्वॉट’ हा उपग्रह रुंद नद्यांच्या पृष्ठभागाची उंची मोजतो. पण गढूळ पाण्याखालचा तळ त्यालाही दिसत नाही. तिथे नावेतच बसावं लागतं.

समुद्रात परिस्थिती बरी आहे, कारण तिथे पैसा आहे. मोठी जहाजं आपलं स्थान रेडिओवरून सतत कळवत असतात. कोट्यवधी नोंदी एकावर एक ठेवल्या की जहाजांचे हमरस्ते नकाशावर आपोआप उमटतात. खोलीचे अधिकृत नकाशे आपल्याकडे नौदलाचं देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. गंगेवरही अशी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था उभी राहिली आहे. जिथे मालवाहू बार्ज चालतात तिथे मोजणी होते. जिथे फक्त माणसं नदी ओलांडतात, तिथे ती क्वचितच पोहोचते.

वैनगंगेत माणसं रोज नदी ओलांडतात. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यातल्या गणपूर (रै.) जवळ डोंगा उलटून सहा महिला बुडाल्या. पलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघालेल्या त्या मजूर होत्या. त्याआधी १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावतीच्या वरुड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मरण पावली. बुडणं हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे आपल्याकडे अजून फारसं कुणी मनावर घेत नाही.

नुसत्या डेटाबेसने हे डोंगे उलटायचे थांबले नसते. जीवरक्षक जाकिटं, नावेत किती माणसं बसवायची याची मर्यादा आणि मुळात जवळ पूल असणं, हे आधी येतं. पण पूल कुठे हवा हे ठरवण्यासाठीसुद्धा लोक नदी कुठे ओलांडतात ते माहीत असायला लागतं. राष्ट्रीय जलमार्गाची नोंद नदीच्या लांबीने केली जाते, या गावापासून त्या संगमापर्यंत. डोंगा नदीच्या रुंदीने जातो. त्यामुळे १०९ क्रमांकाची रेघ कितीही नेमकी काढली, तरी तिला आडवी जाणारी वाट तिच्यात येत नाही.

ती नोंदवण्याचं साधन मात्र तयार आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या, कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या नकाशात नावेच्या आडव्या वाटेसाठी वेगळी खूण आहे. ती कोणत्या महिन्यांत चालते, तिच्यावरून फक्त माणसं जातात की मोटरसायकलही, हेही तिथे लिहिता येतं. कोणता घाट दिवाळीनंतर सुरू होतो, कोणता होळीनंतर पायी ओलांडता येतो, वाळूउपशाने यंदा खड्डा कुठे पडला, ही माहिती ढिवर-भोई समाजातल्या नावाड्यांना तोंडपाठ असते. एखाद्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने किंवा तहसील कार्यालयाने पावसाळा संपल्यावर घाटाघाटांवर जाऊन ती उतरवून घेतली, तर एका तालुक्याचं काम आठवड्याभरात व्हावं. पुढच्या पुरानंतर मात्र ते पुन्हा करावं लागेल.