खेळाडूची पाळी, घड्याळ आणि चेन्नईचा उकाडा

अंडोत्सर्गानंतर शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढते आणि झोपेतले तापमान साधारण 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने चढते. विश्रांतीतली नाडीही थोडी जलद होते. स्मार्टवॉच किंवा सेन्सरची अंगठी रात्रभर टिपते ते हे बदल. हार्मोन ती मोजत नाही. शिवाय तापमान चढते ते अंडोत्सर्ग होऊन गेल्यावर. त्यामुळे अ‍ॅपने दाखवलेली अंडोत्सर्गाची पुढची तारीख हा मागच्या नोंदींवरून बांधलेला अंदाजच असतो.

चेन्नईत हा अंदाज आणखी डळमळतो. मनगटावरचा सेन्सर त्वचेचे तापमान घेतो आणि त्वचेवर खोलीतल्या हवेचा परिणाम होतो. मे महिन्यात इथे दुपारी पारा 37-38 अंशांवर असतो, रात्रीही तो 27-28 च्या खाली फारसा उतरत नाही. एक रात्र पंख्याखाली आणि दुसरी एसीत काढली, तर तो अर्धा अंश सहज बुडून जातो. अशा वेळी औषधाच्या दुकानात मिळणारी, लघवीतले एलएच हार्मोन दाखवणारी पट्टी अधिक भरवशाची. ती अंडोत्सर्गाची चाहूल दीड-एक दिवस आधी देते.

पाळीच्या टप्प्यानुसार सराव ठरवून देणारी अ‍ॅप मात्र पुराव्यापेक्षा बरेच पुढे गेली आहेत. 2020 मध्ये 78 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरी सरासरीने अगदी किंचित घटते, आणि अभ्यासाअभ्यासांत तफावत मोठी, असे त्यात दिसले. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टर मीराबाई चानू 199 किलो उचलून चौथी आली. पदक एका किलोने हुकले. तो पाळीचा तिसरा दिवस होता, हे तिने उघडपणे सांगितले. तो किलो पाळीमुळेच गेला का, हे सरासरीवरून ठरत नाही. प्रत्येकीचे शरीर वेगळे वागते, म्हणून स्वतःची अनेक महिन्यांची नोंद हवी: रक्तस्राव, वेदना, झोप, सरावातला थकवा. त्यासाठी साधी वहीसुद्धा पुरते.

या नोंदीचा सर्वांत मोठा उपयोग पाळी चुकते तेव्हा होतो. सराव भरपूर आणि आहार अपुरा असला की शरीर पाळी थांबवते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या स्थितीला ‘रेड-एस’ नाव दिले. सलग तीन महिने पाळी न आल्यास डॉक्टरांकडे जायलाच हवे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर मात्र नियमित रक्तस्रावावरून काहीच निष्कर्ष निघत नाही.

ही माहिती प्रशिक्षकाला दाखवायची की नाही, हा निर्णय खेळाडूचाच असला पाहिजे. संघनिवडीच्या कागदात तिला जागा नसावी.