ना नोकरी, ना निवृत्तिवेतन

कर्जत-खालापूर भागात नोकरदारांचे सेवाविषयक अर्ज लिहून देण्याचे काम मी करतो. त्यांत सर्वांत अवघड प्रकरण रुग्णता निवृत्तिवेतन नाकारल्याचे. वैद्यकीय मंडळ ‘कायमचा अक्षम’ असा दाखला देत नाही, म्हणून निवृत्तिवेतन नाही. आणि काम झेपणार नाही म्हणून कार्यालय हजर करून घेत नाही. कर्मचारी बिनपगारी रजेवर लटकतो. ही विसंगतीच त्याच्या दाव्याचा कणा आहे, असे माझे मत आहे.

सेवेत असताना अपंगत्व आले, तर शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे. तसे पद नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम २०(४) हेच सांगते. १९९५ च्या कायद्यात हीच तरतूद कलम ४७ मध्ये होती. रुग्णता निवृत्तिवेतन दिले तरी हा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली कुणाल सिंग प्रकरणात ठरवले. २००८ च्या भगवान दास प्रकरणात तर दृष्टी गेलेल्या वीज कर्मचाऱ्याने स्वतःच निवृत्ती मागितली होती; तरीही त्याला त्याचा हक्क समजावून सांगणे वरिष्ठांचे काम होते, असे न्यायालय म्हणाले.

म्हणून अर्जात दोन्ही मागण्या लिहाव्यात: अक्षम मानत असाल तर निवृत्तिवेतन द्या, नसाल तर झेपेल असे काम आणि पगार द्या. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांनाही रुग्णता निवृत्तिवेतनाचा लाभ २०२३ मध्ये खुला झाला आहे.

दाद कुठे मागायची, हे मालक कोण यावर ठरते. तहसील कार्यालयातील लिपिकासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘मॅट’. कर्जतच्या रेल्वे कर्मचाऱ्यासाठी केंद्रीय न्यायाधिकरण, ‘कॅट’. जिल्हा परिषदेचे शिक्षक मॅटच्या कक्षेत येत नाहीत; त्यांची वाट उच्च न्यायालयाकडे जाते. एसटीच्या चालकाला शासकीय निवृत्तिवेतन नियम लागू नाहीत, पण कलम २०(४) लागू आहे.

मॅट आणि कॅटमध्ये मुदत अंतिम आदेशापासून एक वर्षाची. आधी खात्याकडे रीतसर अपील किंवा निवेदन करावे लागते. सहा महिने उत्तर आले नाही, तर तिथून पुढे एक वर्ष. नुसती स्मरणपत्रे पाठवून मुदत वाढत नाही.

वकिलाच्या फीसाठी अडू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे आणि तो न्यायाधिकरणांपुढेही चालतो. कर्जत व खालापूरच्या न्यायालयांतील तालुका विधी सेवा समिती, अलिबागचे जिल्हा प्राधिकरण किंवा १५१०० हा दूरध्वनी, कुठेही सुरुवात करता येते. जाताना नकाराचा लेखी आदेश, मंडळाच्या अहवालाची प्रत, दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि प्रत्येक अर्जाची पोच सोबत ठेवावी. तोंडी नकार मिळाला असेल, तर आधी तो लेखी मागावा.